महापुराचा आकडा कसा ठरवायचा? कोकणातील नद्या, बदलता पाऊस आणि अंदाजाचे शास्त्र

पूल बांधायचा असो, धरणाचा सांडवा ठरवायचा असो की गावाची पूररेषा आखायची असो, अभियंत्याला शेवटी एक आकडा लिहावाच लागतो: या जागी नदीतून जास्तीत जास्त किती पाणी वाहू शकते? शास्त्रीय भाषेत याला महत्तम विसर्ग म्हणतात. पुलाची उंची, मोरीची रुंदी, सांडव्याची क्षमता आणि नदीकाठी घर बांधायला मिळणारी किंवा नाकारली जाणारी परवानगी, हे सारे त्या आकड्यावर अवलंबून असते. आकडा कमी धरला तर माणसे मरतात, फार जास्त धरला तर पूल परवडत नाही आणि निम्मे गाव बांधकामबंदीत जाते.

हा आकडा काढण्याच्या प्रचलित पद्धतींच्या मुळाशी एक समजूत आहे: नदी आजवर जशी वागली तशीच पुढेही वागेल. हवामान बदलत असताना ही समजूत किती धरून चालायची, यावर गेली दोन दशके जगभरच्या जलशास्त्रज्ञांत चर्चा सुरू आहे. रत्नागिरी जिल्ह्यापुरती ती आज कुठे येऊन ठेपली आहे, याचा हा आढावा.

जुलै २०२१ नंतरचा प्रश्न

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढले. खेडला जगबुडीनेही धोक्याची पातळी ओलांडली. कोकण रेल्वे थांबली, मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचा भाग खचला आणि खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे दगावली. पावसाच्या त्याच फेऱ्यात, २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. भारतीय हवामान विभाग दिवसाला २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाला 'अत्यंत मुसळधार' म्हणतो. महाबळेश्वरचा पाऊस त्याच्या जवळजवळ तिप्पट होता.

चिपळूणला हा अनुभव नवा नव्हता. जुलै २००५ मध्येही शहर बुडाले होते. राजापूरला अर्जुना आणि कोदवलीच्या संगमावरचा जवाहर चौक, संगमेश्वरला शास्त्री-सोनवीच्या काठची बाजारपेठ, ही पुराची जुनीच ठिकाणे. त्याशिवाय २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि जयगड व राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी आहेत. तिवऱ्याच्या ग्रामस्थांनी तर गळतीची तक्रार आधीच केली होती, त्यामुळे सारा भार पावसावर टाकता येत नाही. तरी या सगळ्या घटनांनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला: आपण जो पूर गृहीत धरून बांधकाम केले, तो आकडा बरोबर होता का?

नद्यांचा स्वभाव

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत कोकणची पट्टी जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंद आहे. घाटावरून उतरणारे पऱ्हे आणि वहाळ हजार मीटरच्या आसपासची उंची काही किलोमीटरांतच गमावतात आणि नद्या लगेच सपाट, भरतीच्या टापूत येतात. वाशिष्ठीचे पाणलोट क्षेत्र सुमारे २,२०० चौरस किलोमीटरचे आहे. गोदावरी किंवा कृष्णेच्या तुलनेत ते अगदी लहान, पण त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की घाटमाथ्यावर पाऊस कोसळल्यापासून गावात पाणी येईपर्यंत काही तासच हातात असतात. म्हणून इथे दिवसाच्या एकूण पावसापेक्षा तीन, सहा, बारा तासांत किती पडला हे जास्त महत्त्वाचे. दुसरा परिणाम असा की चिपळूणसारख्या गावात पूर वरून येतो आणि खालून अडतो. २०२१ चा पूर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आला, म्हणजे उधाणाच्या भरतीच्या दिवसांत. नदीचा विसर्ग आणि समुद्राची पातळी यांची सांगड कशी घालायची, हा कोकणापुरता खास प्रश्न आहे. घाटापलीकडच्या पूरशास्त्रात त्याची फारशी गरज पडत नाही.

जुनी सूत्रे आणि त्यांची जन्मकथा

एकोणिसाव्या शतकात डिकन्स आणि राइव्ह्‌ज या अभियंत्यांनी अनुक्रमे उत्तर आणि दक्षिण भारतासाठी सोपी सूत्रे दिली. पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा ठराविक घात घ्यायचा आणि त्या त्या प्रदेशाच्या गुणकाने गुणायचे. सह्याद्रीसाठीचे सूत्र आले ते १९३० च्या सुमारास सर क्लॉड इंग्लिस यांच्याकडून. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्राच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांच्या नोंदींवरून ते बांधले. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये घेऊन त्याला १२४ ने गुणायचे, मग क्षेत्रफळात १०.४ मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर घनमीटर प्रति सेकंद या मापात मिळते. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला या हिशेबाने सुमारे १,१८० घनमीटर प्रति सेकंद इतका महत्तम विसर्ग येतो.

सूत्र साधे आहे, हाताने सोडवता येते आणि ते याच डोंगरांतून जन्मले आहे. त्यामुळे महाराष्ट्रात ते आजही वापरात आहे. मात्र त्यात पावसाला कुठेच जागा नाही. क्षेत्रफळ सोडून दुसरे काहीच बदलू शकत नसल्याने पाऊस वाढला तरी उत्तर तेच राहते. सूत्र बांधताना इंग्लिस यांच्यासमोर ज्या काळाचे पूर होते, तो काळ १२४ या आकड्यात गोठून राहिला आहे.

स्वातंत्र्यानंतर खोसला समितीने ही उणीव ओळखली आणि देशाचे जलहवामानीय विभाग पाडून प्रत्येकासाठी पावसावर आधारित पद्धत ठरवण्याची शिफारस केली. केंद्रीय जल आयोग, हवामान विभाग, रेल्वेची संशोधन संस्था आणि भूपृष्ठ परिवहन मंत्रालय यांनी मिळून हे काम तडीस नेले. कोकण आणि मलबार किनाऱ्याचा अहवाल १९९२ चा आहे. त्यात २५, ५० आणि १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पावसाचे नकाशे आहेत. पाणलोटाचा उतार आणि लांबी यांवरून एकक जलालेख, म्हणजे एक सेंटिमीटर परिणामी (जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या) पावसाचे पाणी नदीतून तासागणिक कसे उतरेल याचा आलेख, काढण्याची रीतही दिली आहे. इथे पावसाला दार आहे: नकाशा अद्ययावत केला की आकडाही बदलतो. नकाशे मात्र विसाव्या शतकातल्या पावसाचे आहेत.

लहान पुलांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका व्यवहारी तोड सुचवते. अनुभवसिद्ध सूत्र, पावसावरून केलेला हिशेब आणि जुन्या पुराच्या खुणांवरून काढलेला विसर्ग, असे दोन-तीन मार्ग चोखाळायचे आणि सर्वांत मोठे उत्तर घ्यायचे. ते दुसऱ्या क्रमांकाच्या उत्तराच्या दीडपटीहून मोठे असेल, तर दीडपटीवर थांबायचे. धरणांना भारतीय मानकाप्रमाणे आकारानुसार नियम आहेत: लहान धरणाला शंभर वर्षांचा पूर, मध्यमाला प्रमाणित प्रकल्प पूर (त्या प्रदेशात वाजवीपणे अपेक्षित असलेला सर्वांत तीव्र पूर) आणि मोठ्याला संभाव्य महत्तम पूर (शक्य असलेल्या सर्वांत टोकाच्या पावसातून येणारा पूर).

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय

या शब्दप्रयोगाने बराच गैरसमज होतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षे निर्धास्त, असा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, इतकेच त्यातून कळते. तीस वर्षांच्या कर्जावर घर घेणाऱ्या कुटुंबाला त्या मुदतीत असा पूर किमान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. पंचवीस वर्षांच्या पुराच्या बाबतीत ती सुमारे ७१ टक्के होते. हवामान बदलामुळे आजचा शंभर वर्षांचा पूर उद्या पन्नास वर्षांचा झाला, तर २६ टक्क्यांचे सुमारे ४५ टक्के होतात.

महाराष्ट्रातल्या पूररेषा याच गणितावर उभ्या आहेत. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांच्या पुराची. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. दोन रेषांमधल्या पट्ट्यात बांधकाम नियंत्रित. चिपळूणला या रेषा आखल्यावर शहराचा मोठा भाग त्यांत आला आणि नागरिकांनी आक्षेप घेतले. त्यामागे दोन्ही बाजूंची खरी चिंता होती. रेषा मागे घेतली तर पुढच्या पुरात जीवित धोक्यात येते. रेषा जशीच्या तशी लागू केली तर पिढ्यानपिढ्यांची बाजारपेठ दुरुस्तीलाही महाग होते. अशा वेळी रेषा कोणत्या विसर्गावर आणि किती खात्रीने आखली, हे लोकांना उघडपणे सांगता येणे फार मोलाचे ठरते.

पावसात काय बदलले

भौतिकशास्त्राचा पाया पक्का आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार जागतिक पातळीवर दैनंदिन अतिवृष्टीची तीव्रताही जवळपास त्याच दराने वाढते.

भारताबाबतचे पुरावेही भक्कम आहेत, पण त्यांची भौगोलिक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या आणि सरासरी पाऊस फारसा हलला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी जोडला.

हे निष्कर्ष उचलून थेट वाशिष्ठीच्या खोऱ्याला लावता येत नाहीत. कोकणातला पाऊस सह्याद्रीने अडवलेल्या वाऱ्यांचा असतो, मध्य भारतातला मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा. शिवाय हवामानाची जागतिक प्रारूपे सुमारे शंभर किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतात. अशा एका चौकटीत समुद्र, कोकण, घाट आणि देश सारे मावते आणि सह्याद्रीची भिंत पुसट होते. हवामान विभागाची पाव अंशाची पावसाची जाळी बरीच बारीक असली, तरी वाशिष्ठीच्या अख्ख्या खोऱ्याच्या वाट्याला तीन-चारच चौकटी येतात. पाऊस वाढेल ही दिशा त्यामुळे विश्वासाने सांगता येते. किती वाढेल याचा स्थानिक आकडा तितक्या विश्वासाने देता येत नाही.

पावसावरून पुराकडे: तीन भूमिका

पाऊस वाढला म्हणजे पूर तितकाच वाढला, असे होत नाही. इथे तज्ज्ञांच्या तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका २००८ मध्ये मिली आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात ठळकपणे मांडली: भूतकाळासारखेच भविष्य हे गृहीतक आता संपले. त्यामुळे काळानुसार किंवा तापमानानुसार बदलणारी संभाव्यता गणितात आणलीच पाहिजे. बांधकाम पन्नास-शंभर वर्षे टिकायचे असेल, तर माहीत असलेला कल डोळ्याआड करणे हाच मोठा धोका, असा या बाजूचा युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका मोंतानारी आणि कूत्सोयान्निस यांनी २०१४ मध्ये आणि सेरिनाल्दी व किल्स्बी यांनी २०१५ मध्ये घेतली. हवामान बदलते आहे हे त्यांना मान्य आहे. त्यांचा आक्षेप असा की तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून आधीच शंभर वर्षांचा पूर काढणे अवघड असते. त्यात बदलत्या कलाचे आणखी अज्ञात घटक घातले की अनिश्चितता इतकी फुगते की उत्तराचा उपयोग राहत नाही. नैसर्गिक चढउतारालाच कल समजण्याची भीती असते ती वेगळीच. कल वापरायचा तर त्यामागचे भौतिक कारण हाती हवे, असे ते म्हणतात.

तिसरी भूमिका प्रत्यक्ष पुरांच्या नोंदींवर उभी आहे. शर्मा, वॅस्को आणि लेटनमायर यांनी २०१८ मध्ये विचारले: अतिवृष्टी वाढत असूनही अनेक ठिकाणी पूर का वाढलेले दिसत नाहीत? वाढत्या उष्णतेने जमीन कोरडी होते आणि पावसाचा बराच भाग आधी तिच्यात मुरतो, हे त्यांनी दिलेले एक महत्त्वाचे कारण. ब्लोश्ल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये युरोपभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वायव्येकडे पूर वाढलेले आणि दक्षिण व पूर्वेकडे घटलेले आढळले.

कोकणाला यातले काय लागू पडते? जुलैच्या मध्यावर इथली जमीन चिंब भिजलेली असते आणि सड्यावरचा कातळ मुळातच कमी पाणी मुरवतो. समजा दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ६० मुरले, तर २४० वाहून गेले. पाऊस दहा टक्क्यांनी वाढून ३३० झाला आणि मुरणारे पाणी तेवढेच राहिले, तर वाहणारे पाणी २७० होते, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. ऐन पावसाळ्यात कोरड्या जमिनीचा दिलासा कोकणाला मिळण्याची शक्यता कमी. मात्र मे-जूनमधली वादळे, जसे ३ जून २०२० चे निसर्ग, तापलेल्या जमिनीवर येतात. तिथे तिसऱ्या भूमिकेतला मुद्दा लागू पडू शकतो. एकाच जिल्ह्यात ऋतूनुसार उत्तर बदलते.

हवामानाबाहेरची कारणे

पुराची पातळी फक्त विसर्गावर ठरत नाही. वाशिष्ठीत साठलेला गाळ आणि त्यावर तयार झालेली बेटे यांमुळे पात्राची क्षमता घटली, हे चिपळूणकरांचे म्हणणे २०२१ नंतर जोरात पुढे आले. नागरिकांच्या आंदोलनानंतर जलसंपदा विभाग आणि नाम फाउंडेशन यांच्या सहभागाने गाळ काढण्याचे कामही झाले. त्याचबरोबर घाटउतारावरची वृक्षतोड, दरडींतून येणारी माती, महामार्गाचे भराव आणि पूरमैदानावर वाढलेली वस्ती हे मुद्देही मांडले जातात.

दुसरा वादाचा विषय कोयनेचा. कोयना प्रकल्पाचे पाणी वीज तयार करून पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेली, पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट आहे. वर्षभर समान वाटली तर ती सरासरी सुमारे ६० घनमीटर प्रति सेकंद होते. मोठ्या पुराचा विसर्ग हजारो घनमीटरमध्ये असतो. पण सरासरीवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण ऐन पुराच्या तासांत किती पाणी सोडले गेले हाच खरा प्रश्न आहे. नागरिकांच्या एका गटाला कोळकेवाडीचा विसर्ग निर्णायक वाटतो, तर शासकीय यंत्रणेचा भर अतिवृष्टीवर आहे. हा वाद सुटण्याचा मार्ग एकच: तासागणिक विसर्ग, पाऊस, भरती आणि पाणीपातळी यांची एकत्र, खुली मांडणी.

हवामान बदलाच्या हिशेबातही हे महत्त्वाचे आहे. गाळामुळे चढलेली पातळी आणि पावसामुळे वाढलेला विसर्ग वेगळे केले नाहीत, तर एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते आणि उपायही चुकतो.

इतर देशांनी काय केले

काही देशांनी वाद संपण्याची वाट न पाहता अधिभार ठरवून दिला. जर्मनीतील बव्हेरियाने शंभर वर्षांच्या पुराच्या विसर्गावर १५ टक्के वाढ धरण्याची पद्धत या शतकाच्या पहिल्याच दशकात आणली. इंग्लंडमध्ये नदीच्या महत्तम विसर्गासाठी खोरेनिहाय आणि कालखंडनिहाय वाढीचे तक्ते आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये आपली मार्गदर्शिका सुधारून तापमानाच्या प्रत्येक अंशामागे चोवीस तासांच्या पावसात आठ टक्के आणि तासाभराच्या पावसात पंधरा टक्के वाढ सुचवली. अमेरिकेच्या संघीय मार्गदर्शिकेने मात्र मूळ सांख्यिकी पद्धत कायम ठेवून जुन्या व ऐतिहासिक पुरांची माहिती अधिक चांगली वापरण्यावर भर दिला.

लहान काळाच्या पावसाला मोठा अधिभार लावण्याचा ऑस्ट्रेलियाचा विचार कोकणासाठी लक्षणीय आहे. वाशिष्ठीवरच्या मोठ्या पुलापेक्षा वाडीतल्या वहाळावरची मोरी आणि साकव तासाभराच्या पावसाने जास्त लवकर धोक्यात येतात. पण हे आकडे दुसऱ्या हवामानातले आहेत. मोसमी, डोंगरी पावसासाठी ते तपासूनच घ्यावे लागतील.

काय अनिर्णित आहे

या चर्चेतून चार प्रश्न उघडे राहतात. घाटमाथ्यावरच्या तासागणिक पावसात वाढ किती, हा पहिला. त्याचे उत्तर काही किलोमीटरच्या चौकटीची प्रारूपे आणि दाट पर्जन्यमापके यांतून येईल. महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली ही जमेची बाजू. कलाचे अनुमान काढायला मात्र त्यांची नोंद अजून अपुरी आहे.

दुसरा प्रश्न विसर्गाच्या मोजणीचा. पावसाळ्यात दररोज प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत नद्यांची पातळी असते: जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, अशा स्वरूपात. लोकांना सावध करायला पातळी पुरते, संरचनेला विसर्ग लागतो. पातळीवरून विसर्ग काढण्याचा आलेख सामान्य पुरांवर बेतलेला असतो आणि महापुरात तो अंदाजाने पुढे ओढावा लागतो. भरतीच्या टापूत तर एकाच पातळीला दोन वेगळे विसर्ग असू शकतात.

तिसरा प्रश्न पूर आणि उधाण एकत्र येण्याच्या संभाव्यतेचा. समुद्राची पातळी चढत असताना हे गणित स्वतंत्रपणे करावे लागेल. चौथा प्रश्न तांत्रिक नाही: अनिश्चिततेचा भार कोणी उचलायचा? अधिभार लावला तर खर्च आजच्या करदात्यावर आणि जमीनमालकावर पडतो, न लावला तर उद्याच्या पूरग्रस्तावर. हा निर्णय सूत्र देणार नाही, तो समाजाने घ्यायचा आहे.

तिन्ही भूमिका ज्या बाबींवर एकत्र येतात, त्या कोकणासाठी आजच हाती घेता येतील. १९९२ च्या अहवालातले पावसाचे नकाशे अलीकडच्या नोंदींनी अद्ययावत करणे, ही पहिली. दुसरी, इंग्लिस सूत्राचे उत्तर एकट्याने न वापरता पावसावर आधारित हिशेबाशी ताडून पाहणे. तिसरी, प्रत्येक आकड्यासोबत त्याची खालची आणि वरची मर्यादा लिहिणे. चौथी बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीची आहे. चिपळूण, खेड, संगमेश्वर आणि राजापूरच्या भिंतींवर २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून सापडतात. त्यांची उंची समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजली आणि नदीपात्राचे छेद घेतले, तर त्या पुरांचा विसर्ग मागाहूनही काढता येतो. विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीच्या काठच्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे पूर वाचले. कोकणाला तर फक्त वीस वर्षे मागे जायचे आहे. रंगकाम आणि पाडकामाच्या आधी ही मोजणी झाली, तर नव्या-जुन्या कोणत्याही सूत्राची या मातीवर परीक्षा घेता येईल. तोवर आपण कोणती बाजू घेतो यापेक्षा किती नोंदी जपतो, यावर पुढच्या आकड्याचा भरवसा ठरेल.